घाणेरीच्या मुळाशी जाताना: मुळांतली बुरशी घरच्या घरी कशी बघायची

आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, पुण्यातलाच, रविवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याला जाऊन घाणेरी, रानमोडी, गाजर गवत अशी बाहेरून येऊन माजलेली झाडं उपटणारा. दोन पावसाळे हे केलं. मोकळ्या केलेल्या जागेत देशी रोपं लावली, टँकरचं पाणी घातलं आणि मे महिन्यात बघतो तर निम्मी वाळलेली, आणि जिथून घाणेरी काढली तिथे कमरेएवढं गाजर गवत. सगळे वैतागले. ग्रुपमधल्या एक मावशी आहेत, बॉटनी शिकवून रिटायर झालेल्या, त्या एवढंच म्हणाल्या, "अरे वरचं सगळं मोजताय, फोटो काढताय, पण उपटलेल्या झाडाचं मूळ एकदा तरी नीट बघितलंय का कुणी?"

नव्हतंच बघितलं. मग मी तो अख्खा पावसाळा मुळं उकळण्यात घालवला, त्यातले पहिले तीन प्रयत्न पार वाया गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. लॅब लागत नाही, थोडी चिकाटी आणि बरीच काळजी लागते, कारण एक केमिकल डेंजर आहे.

आधी थोडक्यात, बघायचंय काय. बहुतेक झाडांच्या, म्हणजे साधारण ७० ते ८० टक्के जातींच्या बारीक मुळांच्या आत एक बुरशी राहते. हा रोग नाही, भागीदारी आहे. बुरशीचे धागे मातीत मूळ पोचणार नाही तिथपर्यंत जाऊन फॉस्फरस ओढून आणतात आणि झाड त्या बदल्यात साखर आणि फॅट देतं. १८८५ मध्ये फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या जोडीला मायकोरायझा हे नाव दिलं. पण जोडी त्याच्याही खूप आधीची, स्कॉटलंडमध्ये ४० कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म सापडलेत त्यांच्यातसुद्धा ही बुरशी दिसते. तुमच्या सोसायटीमागच्या प्लॉटमधल्या घाणेरीतही तीच मंडळी आहेत. नुसत्या डोळ्यांनी मात्र काहीही दिसत नाही, मूळ पारदर्शक करून रंगवावं लागतं.

१. सामान आधी जमवा

- खुरपं, झिप लॉकच्या पिशव्या, पेन्सिल, जाड कागदाच्या चिठ्ठ्या
- चहाची बारीक गाळणी (ही परत चहाला वापरायची नाही)
- पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ज्याला सगळे केओएच म्हणतात. केमिकलच्या दुकानात मिळतं, घरी लिक्विड साबण करणारेही वापरतात
- पांढरं व्हिनेगर
- फाउंटन पेनची शाई
- ग्लिसरीन, स्लाइड आणि कव्हर स्लिप, ड्रॉपर, दोन सुया
- झाकणाच्या छोट्या प्लास्टिक डब्या, तळाला ५ चा आकडा असलेल्या (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे प्लास्टिक केओएचला टिकतं)
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. स्टाइलचा नाही, बाजूनेही बंद असलेला
- मायक्रोस्कोप. कॉलेजची पोरं वापरतात तो साधा चालतो, ४, १० आणि ४० च्या भिंगांचा. मी जुना घेतला, त्याचा स्क्रू सैल आहे, रबरबँड लावून चालवतोय. कागदी फोल्डस्कोप असेल तर त्यातून साधारण १४० पट मोठं दिसतं, ठळक गोष्टी त्यातही कळतात

ड्रेनेज साफ करायची पावडर केओएचच्या जागी वापरू नका. ते वेगळं केमिकल असतं आणि काहींमध्ये ॲल्युमिनियमचे कण घातलेले असतात, पाणी लागलं की उकळी फुटते.

२. जागा ठरवा आणि विचारून घ्या

पुण्याच्या टेकड्यांवर काही जागा वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी, आणि कुंपण दिसत नाही म्हणजे मोकळं रान असं नसतं. वनखात्याच्या जागेतून माती किंवा मुळं काढायची तर लेखी परवानगी घ्या, आणि नॅशनल पार्कमध्ये हा उद्योग करायचा विचारही करू नका. मी सुरुवात सोसायटीमागच्या पडीक प्लॉटवर केली, मालकांना फोन करून. ते म्हणाले घाणेरी काढताय ना, मग सगळीच न्या.

जागा एक नाही, जोडीने निवडा. म्हणजे एका बाजूला दाट घाणेरी आणि त्याच उतारावर, त्याच मातीत, वीस-तीस पावलांवर कुसळी किंवा मारवेल गवत टिकलेला तुकडा. ही जोडी नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? आणि राडारोडा टाकलेली जागा असेल तर वहीत तसं लिहा. सिमेंटचा चुरा मिसळला की माती अल्कलाइन होते, डंपर फिरून दाबली जाते, त्यामुळे तिथली मुळं कशीही दिसली तरी सगळा दोष बिचाऱ्या झाडावर टाकता येत नाही. खत पडणारी बागेची मातीसुद्धा टाळा, कारण फॉस्फरस भरपूर आयता मिळाला की झाड बुरशीला फारसं आत घेत नाही.

वेळ: पाऊस सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की, म्हणजे जुलै शेवट ते सप्टेंबर. उन्हाळ्यात बारीक मुळं वाळून मेलेली असतात.

३. झाड नक्की कोणतं ते ओळखा

घाणेरी, म्हणजेच टणटणी, सगळ्यांना माहितीये. गाजर गवताला काँग्रेस गवतही म्हणतात, भारतात त्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली, त्यामुळे आपला जरा जास्तच जवळचा नातेवाईक. त्याला उघड्या हाताने हात लावू नका, फुलं आलेली असतील तर मास्क पण घाला, अनेकांना खाज, पुरळ, सर्दी होते. आमच्यातल्या एका दादाचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि तो म्हणायचा मला काही होत नाही.

सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही टेकड्यांवर मुद्दाम लावलेली झाडं, दोन्ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. आणि सप्टेंबरात ज्या पिवळ्या-केशरी कॉसमॉसपुढे लोक सेल्फी काढतात तोही तिकडचाच पाहुणा. हे सांगितलं की लोकांना वाईट वाटतं, माझी बहीण दोन दिवस बोलली नाही.

४. मुळं काढताना

इथे नवशिके सगळ्यात जास्त फसतात. मातीचं ढेकूळ उचललं, त्यात मुळं दिसली, आणली घरी. पण ती मुळं कुणाची? घाणेरीखाली गवताचीही मुळं असतात, शेजारच्या सुबाभळीचीही. त्यामुळे खोडापासून सुरू करा आणि मुळाचा माग काढत काढत टोकाकडे जा, खुरप्याने माती हलकेच सैल करत. ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरची, १ मिलिमीटरपेक्षा बारीक, पांढरट-पिवळसर मुळं हवीत. जाड तपकिरी मुळात ही बुरशी राहत नाही.

एका जातीची निदान पाच वेगवेगळी झाडं घ्या, प्रत्येकाची पिशवी वेगळी, आत चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. पेनाने लिहिलेल्या माझ्या चिठ्ठ्या ओल्या पिशवीत निळ्या डागात बदलल्या आणि बावीस पिशव्यांपैकी कोणती कुठली ते कळेना, सगळं टाकून दिलं. हा पहिला वाया गेलेला प्रयत्न.

परत जाताना खड्डा बुजवा. बूट आणि खुरपं तिथेच झाडून घ्या, नाहीतर गाजर गवताचं बी तुम्हीच दुसऱ्या टेकडीवर नेऊन पेराल.

५. धुणं

बादलीत तासभर भिजत ठेवा, मग गाळणीत घेऊन हळू हळू खळबळा. नळाच्या धारेखाली धरलं तर बारीक टोकं तुटून वाहून जातात आणि नेमकं तिथेच बघण्यासारखं असतं. लगेच करायचं नसेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात, घरच्यांना सांगून ठेवा.

सुबाभळीच्या मुळांवर छोट्या गाठी दिसतील, फोडल्या तर आतून गुलाबी. ती बुरशी नाही! त्या नायट्रोजन धरणाऱ्या बॅक्टेरियाच्या गाठी. सुबाभळीकडे गाठीही असतात आणि बुरशीही, म्हणून ती मुरमाडावरसुद्धा मजेत असते.

६. मूळ पारदर्शक करणं (हे नीट वाचा, दोनदा वाचा)

१०० मिली पाण्यात १० ग्रॅम केओएच. आधी पाणी, मग त्यात केओएच थोडं थोडं, उलटं कधीच नाही. विरघळताना ते गरम होतं. खिडकी उघडी, हातमोजे, गॉगल, लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, केओएच ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, चांगली पंधरा-वीस मिनिटं, त्यावर व्हिनेगर वगैरे चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुऊन थेट डॉक्टर.

पुस्तकी पद्धत अशी की मुळं केओएचमध्ये बुडवून गरम पाण्यात ठेवायची, नाजूक मुळं पंधरा-वीस मिनिटांत साफ होतात, चिवट तासभर घेतात. मी ते जॅमच्या बाटलीत केलं, बाटली तडकली, गॅसच्या ओट्यावर केओएच पसरलं आणि ग्रॅनाइटवर अजून पांढरा डाग आहे. दुसरा प्रयत्न गेला. म्हणून माझा सल्ला, नवीन असाल तर गरम करूच नका. मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे करून प्लास्टिकच्या डबीत केओएच घाला आणि झाकण लावून एक ते तीन दिवस तसंच ठेवा. गवताची मुळं एका दिवसात होतात, घाणेरीची तीन दिवस घेतात. पाणी चहासारखं तपकिरी झालं की केओएच बदला.

झालं कसं ओळखायचं? तुकडा उजेडात धरला की काचेसारखा दिसतो आणि मधली दोरी, म्हणजे पाणी वाहणारी नळी, वेगळी दिसते. त्यापुढे ठेवलं तर लापशी. तरी तपकिरी छटा राहिली तर धुऊन मेडिकलमधल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा-वीस मिनिटं ठेवा.

वापरलेलं केओएच बादलीभर पाण्यात मिसळून मगच मोरीत ओता.

७. रंगवणं

लॅबमध्ये पूर्वीपासून ट्रायपॅन ब्लू नावाचा रंग वापरतात, पण त्याने कॅन्सरचा धोका असल्याचा संशय आहे, घरी आणूच नका. १९९८ मध्ये एक सोपी पद्धत प्रसिद्ध झाली, शाई आणि व्हिनेगर. मला आधी ही चेष्टाच वाटली होती. पण खरंच चालते.

मुळं दोन-तीनदा पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचे थोडे थेंब टाका. मग ९५ मिली व्हिनेगरमध्ये ५ मिली शाई, त्यात मुळं घालून तीन मिनिटं उकळा. ओट्यावरचा प्रसंग लक्षात ठेवून मी आता छोटं स्टीलचं भांडं वापरतो, मुळं तोपर्यंत धुतलेली असल्याने इथे ते चालतं. वास अख्ख्या मजल्यावर जातो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, लोणचं घालतोस का?" मग मुळं साध्या पाण्यात, व्हिनेगरचे दोन थेंब टाकून, निदान वीस मिनिटं ठेवा, मी तर रात्रभर ठेवतो. मुळाचा जास्तीचा रंग उतरतो, बुरशीचा राहतो.

जेल पेन, पोस्टर कलर, वॉटरप्रूफ शाई यातलं काहीच चालत नाही. फाउंटन पेनच्या शायांमध्येही फरक पडतो, त्यामुळे घाणेरीवर एकदम जाऊ नका, आधी कांद्यावर ट्रायल घ्या. कुंडीत कांदा लावा, महिना-दीड महिन्याने त्याची मुळं घ्या, ती पातळ आणि बिनरंगी असतात आणि बुरशीला कांदा फार आवडतो. जोडीला मोहरी किंवा मुळ्याची मुळं घ्या, त्या कुळात ही बुरशी राहत नाही. कांद्यात निळं दिसलं आणि मोहरीत नाही, तर तुमची पद्धत बरोबर.

फक्त कुंडीत बागेची किंवा शेतातली माती हवी. मी नुसत्या कोकोपीटमध्ये कांदा लावला, आठ स्लाइड बघितल्या, एक धागा दिसेना, शाई बदलली, व्हिनेगर बदललं, शेवटी मावशींनी विचारलं की कोकोपीटमध्ये बुरशी येणार कुठून. तिसरा प्रयत्न.

८. बघणं

स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, त्यावर तीन-चार तुकडे समांतर, कव्हर स्लिप, आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने हलका दाब. आधी सगळ्यात छोटं भिंग, मग १० चं. हे तीन प्रकार शोधा:

धागे, म्हणजे हायफा. मुळाच्या लांबीच्या दिशेने, पेशींच्या मधून जाणारे निळे दोरे, वाकडेतिकडे, जाडी सगळीकडे सारखी नसते. मुख्य खूण अशी की त्यांना आडवे पडदे सहसा नसतात.

फुगे. अंडाकृती, गडद निळे, धाग्याच्या टोकाला किंवा मधेच. झाडाकडून आलेल्या मालाचं बुरशीचं कोठार. सगळ्यात सोपे दिसतात.

झुडपं, इंग्रजी नाव आरबस्क्युल. पेशीच्या आत गेलेला धागा फांद्यांवर फांद्या फोडतो आणि पेशी भरून टाकतो, ४० च्या भिंगाखाली छोट्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं. देवाणघेवाण होते ती इथे. आयुष्य काही दिवसांचंच, म्हणून जुन्या मुळात सापडत नाहीत. मला पहिलं झुडूप मारवेलच्या मुळात दिसलं, रात्री साडेअकराला, आणि मी बायकोला झोपेतून उठवलं. ती म्हणाली छान आहे आणि झोपली.

फसवे प्रकार: मुळाच्या मधल्या नळीवरच्या स्प्रिंगसारख्या रेघा (त्या झाडाच्याच), बाहेर चिकटलेले मूळकेस, आणि काळपट तपकिरी, आडवे पडदे असलेले धागे. हे शेवटचे खरोखरच बुरशीचे, पण दुसऱ्याच गटातल्या. शाई न लावताही ते तपकिरी दिसतात, त्यावरून ओळखा. टेकडीवरच्या कोरड्या मातीत ते मला भरपूर दिसले आणि आधी मी सगळे मोजून टाकले होते.

९. मोजणं

पेट्रीडिशखाली सेंटिमीटरच्या चौकटीचा कागद ठेवून मुळं पसरतात आणि मूळ जिथे रेघ ओलांडतं तिथे आत बुरशी आहे की नाही बघतात. अशी १०० ठिकाणं बघा, ४० ठिकाणी दिसली तर ४० टक्के. पण त्यासाठी अख्खी डिश खाली ठेवून वरून बघायचा वेगळा मायक्रोस्कोप लागतो, म्हणून मी स्लाइडच आडवी सरकवतो आणि दर ठरावीक अंतराला हो-नाही लिहितो. दोन माणसांनी एकच स्लाइड मोजा. आकडे फार वेगळे आले तर परत शिका.

१०. आता याचा अर्थ काय लावायचा

घाणेरीत बुरशी भरपूर दिसेल. गाजर गवतातही. माझ्या मनात आधी असं होतं की बाहेरून आलेली झाडं आपल्या मातीतली बुरशी मारतात, व्हिलन वगैरे. प्रकरण तेवढं सरळ नाही. कितीतरी उपद्रवी झाडं स्थानिक बुरशीशी आरामात जमवून घेतात, म्हणूनच ती कुठेही वाढतात. उलट उदाहरणही आहे, उत्तर अमेरिकेतल्या जंगलात युरोपातून गेलेली गार्लिक मस्टर्ड नावाची मोहरीची नातेवाईक. स्वतःला बुरशी लागत नाही आणि मुळांतून असं काही सोडते की तिथल्या झाडांच्या रोपांची बुरशीच कमी होते, २००६ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. आणि आपल्याकडची रानमोडी अजून तिसरंच करते: पश्चिम घाटातल्या मातीवर झालेल्या, २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात तिच्याखाली फ्युजेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू साठलेले आढळले, आणि ती माती देशी रोपांना त्रास देत होती. म्हणजे बुरशी ही बुरशी असते असं धरून चालायचं नाही. आणि टक्के जास्त म्हणजे झाडाला फायदा जास्त, असंही नाही.

आमच्या प्लॉटवर घाणेरी आणि कुसळी, दोन्हींत बुरशी होती. पण आम्ही आदल्या वर्षी साफ करून उघडी टाकलेल्या पट्ट्यात पहिलं आलं होतं माठाच्या कुळातलं तण, आणि त्या कुळातही मोहरीसारखी ही बुरशी सहसा नसते. पाच झाडांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही हे पक्कं, त्यामुळे जमीन उघडी ठेवायची सवय आम्ही सोडली.

११. टेकडीवर काय बदललं

सगळा पट्टा एकदम साफ करत नाही, दहा बाय दहाचे तुकडे, मधे गवत राखून. उपटलेली घाणेरी जाळत नाही, बी नसलेल्या फांद्या तिथेच जमिनीवर पसरतो. काढल्या दिवशीच मारवेल आणि कुसळीचं बी टाकतो. रोपं करताना पिशवीत त्याच टेकडीवरच्या, चांगल्या वाढलेल्या देशी झाडाखालची मूठभर माती घालतो, पण फक्त त्याच टेकडीवरची आणि रानमोडीखालची कधीच नाही, मातीबरोबर रोग आणि बी दोन्ही प्रवास करतात. नर्सरीत मायकोरायझाची पाकिटं मिळतात, कुंडीसाठी घ्या हवं तर, टेकडीवर ओतू नका. तिथे बुरशी आधीच आहे, बाहेरची कशाला?

स्लाइडच्या कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावलं की ती बरेच महिने टिकते. माझ्या तेवीस स्लाइड मिठाईच्या खोक्यात आहेत, पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच खड्ड्यांशेजारून परत मुळं काढायचीत. या वेळी चिठ्ठ्या पेन्सिलने.